शौचाच्या जागेची खाज : घासू नका, हळुवार धुवा



विहारात आरोग्य शिबिर भरले की माणसे रक्तदाब तपासून घेतात, साखर बघून घेतात, गुडघे दाखवतात. मग निघताना, चप्पल घालता घालता, एखादा हळूच विचारतो, "खाजेवर एखादी चांगली ट्यूब सांगा ना." खाज कुठे आहे हे तो सांगत नाही आणि चारचौघांत आम्हीही विचारत नाही. बायका तर एवढेही विचारत नाहीत. म्हणून या वेळचे पान आम्ही शौचाच्या जागेसाठी, म्हणजे गुदद्वाराभोवतीच्या कातडीसाठी राखले आहे. ज्यांना वाचता येते त्यांनी घरातल्या इतरांना वाचून दाखवावे.

खाज सुटली की बहुतेकांना पहिली शंका येते ती आपण नीट धूत नसल्याची. मग धुणे वाढते. सकाळी साबण, संध्याकाळी पुन्हा साबण, आठवड्यातून दोनदा पाण्यात जंतुनाशकाचे झाकणभर. त्यानेही भागले नाही तर आंघोळीची घासणी. खाज मात्र वाढतच जाते. याचे कारण त्या कातडीच्या स्वभावात आहे. ती पातळ असते, घड्यांची असते, तिथे हवा लागत नाही, घाम साचतो आणि स्पर्श कळवणाऱ्या नसा तिथे दाट असतात. निरोगी कातडीवर तेलकट असा एक पातळ थर असतो. तो तिचे रक्षण करतो. साबण हा थर काढून टाकतो. शिवाय घड्यांमध्ये अडकलेला साबण पूर्ण निघत नाही, तो तिथेच चुरचुरत राहतो. कातडी कोरडी पडते, बारीक चिरते, चिरेत मळाचा अंश गेला की खाज सुटते. खाजवले की चीर वाढते, आणि झोपेत तर आपण खाजवतो हे आपल्याला कळतही नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. घाईघाईत अर्धवट धुतले आणि मळ घडीत राहिला, तरी कातडी जळजळते. तेव्हा धुवायचे तर आहेच. कसे, हा प्रश्न आहे.

आपल्या समाजात या घासण्यामागे आणखी एक गोष्ट आहे आणि ती उघड बोललेली बरी. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला घाणेरडे म्हटले गेले. ज्यांची घाण आपल्या माणसांनी उचलली तेच आपल्यापासून नाक दाबून उभे राहिले. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना नीटनेटके लुगडे नेसायला आणि स्वच्छ राहायला सांगितले ते स्वाभिमानासाठी. आपल्या आया-आज्यांनी ते इतके मनावर घेतले की दहा बाय दहाच्या खोलीतही मांडणीवरची भांडी आरशासारखी दिसतात. याचा आम्हाला अभिमान आहे. पण भांडे घासून उजळते, कातडी घासून सोलवटते. सफाई खात्यात काम करणारे आपले भाऊ आणि बहिणी घरी आल्यावर जंतुनाशक साबणाने अंग खसाखसा घासतात, दिवसाचे काम अंगावरून उतरावे म्हणून. हातापायांना तो साबण जरूर लावा. शौचाच्या जागेला नको.

तर धुण्याची पद्धत. साधे पाणी पुरते. एक-दोन टमरेल पाणी सावकाश ओतत, बोटांच्या मऊ पेरांनी, नख न लावता, मळ निघेपर्यंत धुवा. बोट आत घालण्याची गरज नाही; आतला भाग शरीर स्वतः सांभाळते. स्त्रियांनी आणि मुलींनी हात पुढून मागे न्यावा. मागून पुढे नेला तर मळातले जंतू लघवीच्या जागी जातात आणि लघवीला जळजळ सुरू होते. पाणी गार किंवा कोमट असावे. कढत पाणी खाजेवर टाकले की क्षणभर फार बरे वाटते, पण त्यानंतर खाज दुप्पट होते. घरात जेट असेल तर त्याचा जोर कमी ठेवा. काही जेटचा फवारा भिंतीवरचा रंग उडवील असा असतो.

धुऊन झाले की कोरडे करा. हीच पायरी आपल्याकडे सर्रास गाळली जाते. ओल्या अंगावर चड्डी चढवायची, वर सलवार किंवा पँट, आणि दिवसभर आत दमट. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. जुन्या सुती लुगड्याचे किंवा धोतराचे हातरुमालाएवढे तुकडे करा आणि घरातल्या प्रत्येकाला आपापले दोन द्या. त्याने टिपायचे, पुसायचे नाही. रोज धुऊन उन्हात वाळवायचे. सार्वजनिक संडासला जाताना खिशात किंवा डब्याबरोबर पिशवीत नेता येतो. वर्तमानपत्राचा कागद नको. तो खरखरीत असतो आणि त्याची शाई कातडीला लागते. पावडरही नको, ती घामाने भिजून घडीत गोळा होते. सुगंधी ओले रुमाल मिळतात, त्यातल्या वासाच्या द्रव्याने अनेकांना पुरळ उठते. बाहेरगावी पाणी नसेल तेव्हा साध्या पाण्याने ओला केलेला सुती कपडा त्याहून बरा.

साबण लागतो तो हातांना. शौचाहून आल्यावर दोन्ही हात, बोटांच्या बेचक्या आणि नखांखालची जागा साबणाने चोळून धुवायची, निदान वीस सेकंद. घरात एकच वडी असेल तर ती इथे खर्च करा.

कातडी आधीच सोलवटलेली असेल तर धुऊन कोरडे केल्यावर व्हॅसलीनसारख्या पेट्रोलियम जेलीचा किंवा झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर लावावा. मळ आणि घाम कातडीला थेट लागत नाही आणि तिला भरून यायला सवड मिळते. स्वच्छ खोबरेल तेलही चालते. लिंबू, तुरटी, राख, रॉकेल, दंतमंजन यांतले काहीही लावू नये. पोटॅशचे जांभळे पाणी पूर्वी सर्रास सांगितले जाई. ते जरा दाट झाले तरी कातडी भाजते. नुसते पाणी, कोरडेपणा आणि हा पातळ थर एवढे दोन-तीन आठवडे सांभाळले तर पुष्कळांची खाज औषधाशिवाय थांबते.

हे सगळे लिहिताना आम्हाला विनयपिटक आठवते. शील आणि प्रज्ञा यांवरची प्रवचने आपण ऐकतो, पण चुल्लवग्गात संडासच्या वापराचे नियम आहेत हे विहारात क्वचितच सांगितले जाते. पालीत संडासला वच्चकुटी म्हणतात. एका भिक्खूची तिथे गोष्ट आहे. तो जन्माने ब्राह्मण कुळातला होता. शौचानंतर धूत नसे, कारण त्या घाणीला हात कोण लावणार, असे त्याला वाटे. त्याच्या गुदद्वारात कृमी झाले. ही गोष्ट भगवंतांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी नियम घालून दिला की पाणी असेल तर शौचानंतर धुतलेच पाहिजे. न धुतल्यामुळे आपोआप कृमी जन्माला येत नाहीत, हे आजचे वैद्यक सांगेल. तरी मुद्दा ध्यानात घ्यावा. ज्यांनी ही नोंद जपली त्यांनी त्या भिक्खूच्या कुळाचा उल्लेख विनाकारण केला नसावा, असे आम्हाला वाटते. सोवळ्याची कल्पना आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोवळ्याला स्वतःच्या शरीराचीही किळस येते.

त्याच भागात आणखी नियम आहेत. आत जाण्यापूर्वी खाकरावे, म्हणजे आतल्याला कळते. घाईने आत शिरू नये. कुंथत बसू नये. त्या काळी पुसायला लाकडाची काडी वापरत, ती खरखरीत नसावी. पाण्याचे भांडे रिकामे असेल तर भरून ठेवावे, जागा घाण झाली असेल तर धुवावी. कुंथू नये आणि खरखरीत वस्तूने पुसू नये, हे दोन नियम आज कोणत्याही सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लावता येतील.

एक नियम तर आपल्या वस्त्यांसाठीच केल्यासारखा आहे. पूर्वी भिक्खू ज्येष्ठतेप्रमाणे संडासला जात. नवखे भिक्खू आधी येऊनही थांबून राहत, आवरून धरत, आणि त्यातले काही भोवळ येऊन पडले. तेव्हा भगवंतांनी ठरवून दिले की जो आधी येईल तो आधी जाईल. वय नाही, मान नाही, आल्याचा क्रम. सकाळी सहाला वस्तीतल्या संडाससमोर डबा घेऊन जो उभा राहिला आहे त्याला या नियमाची किंमत सांगावी लागणार नाही.

आवरून धरणे हे या दुखण्याचे मोठे मूळ आहे, विशेषतः बायकांमध्ये. रात्री अंधारात संडासला जावे लागू नये म्हणून अनेक बायका संध्याकाळपासून पाणी तोडतात. कामाच्या ठिकाणी सोय नसते, म्हणून दुपारी तोडतात. सकाळी कळ येते तेव्हा रांग असते. नंबर येतो तेव्हा कळ गेलेली असते. शौच मोठ्या आतड्यात जितका वेळ राहते तितके त्यातले पाणी शोषले जाते आणि ते घट्ट होते. मग कुंथावे लागते, जागा चिरते. काच फिरल्यासारखी वेदना, वर दोन थेंब लाल रक्त, म्हणजे बहुधा ही चीर. दुखेल या भीतीने पुन्हा आवरून धरले जाते आणि पुढच्या वेळी शौच आणखी कडक होते. अशा बाईला भरपूर पाणी प्या एवढे सांगून आम्हाला पुढे जाता येत नाही. संडासात दिवा नाही, दाराला कडी नाही, टाकीत पाणी नाही, हे बायकांच्या गुदद्वाराच्या आजाराचे कारण आहे. महिला मंडळाने वॉर्ड ऑफिसला अर्ज देताना ते तसेच लिहावे. गैरसोय हा शब्द पुरत नाही.

तोवर जे आपल्या हातात आहे ते करू. भाकरी, डाळ, पालेभाजी, मोड आलेली मटकी, पेरू यांतले काही ना काही रोज पोटात जावे. दिवसा जेव्हा संडास मोकळे असते त्या वेळी पाणी जास्त प्या. काही खाल्ल्यावर आतडे आपोआप हालचाल करते, म्हणून सकाळी चहाबरोबर भाकरीचा तुकडा खाऊन मग जावे. रिकाम्या पोटी कुंथत बसण्यापेक्षा लवकर होते. इसबगोल दोन चमचे ग्लासभर पाण्यात कालवून रात्री घ्यावे आणि त्यावर आणखी पाणी प्यावे. झणझणीत ठेचा किंवा सुकटीचे कालवण खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी जळजळ होत असेल तर जखम भरेपर्यंत तिखट कमी करा. कायमचे सोडायला आम्ही सांगत नाही. मिश्रीचे मात्र वेगळे. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असे अनेक मावश्या सांगतात, आणि त्या खोटे बोलत नाहीत, तंबाखूने आतडे हलते खरे. पण ती भाजलेली तंबाखूच आहे. तिची सवय लागते आणि तोंडाचा कर्करोग तिच्यातून होतो. इसबगोलाने तसे काही होत नाही.

चिरेवर आणि मूळव्याधीच्या ठणक्यावर शेक चांगला. पसरट टबात किंवा घमेल्यात, मनगटाला सोसेल इतके कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे त्यात बसायचे, दिवसातून दोन-तीनदा, शौचानंतर तर नक्की. पाण्यात काहीही घालायचे नाही. ते भांडे त्यासाठीच वेगळे ठेवा.

लहान मूल रात्री झोपेत बोचकारत असेल, चिडचिड करत असेल, तर साबणाशी त्याचा संबंध नसतो. ते बारीक जंत असतात, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखे, सेंटीमीटरभर लांब. मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते, त्याने खाज सुटते. मूल झोपल्यावर दोन-तीन तासांनी बॅटरी लावून पाहिले तर कधी डोळ्यांनी दिसतात. खाजवताना अंडी नखांत जातात, नखांतून तोंडात, भावंडाच्या ताटात, गोधडीवर. गोड खाल्ल्याने जंत होतात ही समजूत चुकीची आहे. त्यावरून पोराच्या हातातला गूळ काढून घेऊ नका. औषध अल्बेंडाझोल. ते घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा, कारण गोळीने जंत मरतात, अंडी उरतात. शाळा-अंगणवाडीत फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक दिनाला १ ते १९ वर्षांच्या मुलांना ही गोळी फुकट मिळते, ती चुकवू नये. पण या जंतांसाठी ती एक गोळी बहुधा पुरत नाही. गरोदर बाई आणि दोन वर्षांखालचे मूल यांना डॉक्टरांना विचारूनच द्यावे. मुलांची नखे कापा, सकाळी उठल्याबरोबर अंघोळ घाला, चड्डी रोज बदला, अंथरूण उन्हात टाका.

आता त्या ट्यूबविषयी. मेडिकलमध्ये नुसते खाज म्हटले की जी ट्यूब हातात पडते तिच्यात बहुतेक वेळा तीन-चार औषधे एकत्र असतात आणि त्यातले एक तीव्र स्टिरॉइड असते. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून माणूस खूश होतो. थांबवली की खाज परत येते. तिथे गजकर्ण असेल तर ते या ट्यूबने आतल्या आत पसरते, जांघेत, ढुंगणावर, पोटावर, आणि पुढे साध्या औषधांना दाद देत नाही. कातडी कागदासारखी पातळ होते. एकाची ट्यूब घरातले पाच जण लावतात हे तर नेहमीचेच. कडा लाल आणि उठलेल्या, गोल पसरत जाणारा चट्टा दिसला तर गजकर्ण समजून कातडीच्या डॉक्टरांकडे जा. औषध काही आठवडे पूर्ण करावे लागते.

बायकांच्या एका सवयीबद्दल लिहिल्याशिवाय हे पान पुरे होणार नाही. दोरीवर आतले कपडे उघडे टाकायची लाज, म्हणून ते टॉवेलखाली, साडीच्या घडीखाली वाळत घातले जातात. तिथे ऊन पोचत नाही, हवा लागत नाही, कपडा दमटच राहतो आणि तसाच घातला जातो. बुरशीला आणखी काय हवे? खुशाल उन्हात टाका. पावडरचा फेस पूर्ण निघेपर्यंत खळबळा, कपड्यात उरलेल्या पावडरनेही खाज येते. चड्डी सुती आणि सैल असावी, नायलॉनची घट्ट नको. पाळीत पॅड जास्त तास ठेवले तर मागची कातडीही ओलसर राहून सोलवटते, तेव्हा चार ते सहा तासांनी बदला.

घरात अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस असेल तर त्याची कातडी बाळासारखीच जपावी लागते. ओले झाले की लगेच बदला, कोमट पाण्याने धुवा, टिपून घ्या, झिंकचे मलम लावा, दर दोन तासांनी कूस बदला. बाळाचेही जवळपास तसेच, फक्त त्याला दिवसातून थोडा वेळ उघडे राहू द्या. महावग्गात अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची हकिकत आहे. बाकीच्यांनी त्याला टाकले होते. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने धुतले, दोघांनी उचलून त्याला अंथरुणावर ठेवले. सासूचे किंवा बापाचे करताना ज्या सुनेला आणि मुलाला ओकारी येते त्यांनी ती हकिकत वाचावी. आणि ते काम एकट्या सुनेवर टाकू नये.

घरगुती काळजीने दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जा आणि साखरही तपासा, कारण मधुमेहात अशी खाज वारंवार येते. शौचातून रक्त जात असेल तर मूळव्याधच असेल असे धरून चालू नका, विशेषतः वय चाळिशीपुढे असेल, वजन घटत असेल किंवा शौचाची सवय अचानक बदलली असेल तर. डांबरासारखे काळे शौच, ताप आणि ठणकणारी सूज, पू, गाठ, न भरणारी जखम यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी जा. स्टेशनबाहेर आणि पुलाखाली मूळव्याध-भगंदरवर खात्रीच्या इलाजाचे फलक असतात. तिथे न दिसणारी औषधे टोचतात आणि जागा कायमची बिघडवतात, पैसे जातात ते वेगळेच. पालिकेचा दवाखाना, आपला दवाखाना किंवा सरकारी रुग्णालयाचा सर्जरी विभाग गाठा. केसपेपर काढताना खिडकीवर सगळे सांगण्याची गरज नाही, सर्जरीला दाखवायचे आहे एवढे बोला. स्त्रियांना महिला डॉक्टर मागता येते. ती नसेल तर तपासताना नर्स किंवा घरची बाई जवळ ठेवता येते. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, डॉक्टर हातमोजा घालून बोटाने तपासतात. दोन मिनिटे लागतात. कधीपासून आहे, रक्त किती आणि कोणत्या रंगाचे, आजवर काय काय लावले, हे आधीच आठवून ठेवा, आणि ती ट्यूब बरोबर न्या.